खाली हाय का?

घरातलं माणूस शिडीवर असताना तुम्ही शेवटचे कधी तिथून निघून गेला होतात? आठवत नसेल तर आठवा. मी गेले होते. फार लांब नाही, अंगणातून ओसरीपर्यंत, दहा पावलं. मोबाइलवर काहीतरी वाचायचं होतं. काय वाचायचं होतं ते पुढं सांगते, कारण तेच सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

आमचं घर रायपूरला गुढियारीत आहे, मालधक्क्याच्या अलीकडं. एकमजली घर, वर स्लॅब, आणि स्लॅबवर जायला जिना नाही. जिना पुढच्या मजल्याबरोबर होणार होता, आणि पुढचा मजला माझ्या जन्माआधीपासून होणार आहे. त्याच्यासाठी सोडलेल्या सळया स्लॅबच्या कडेला अजून उभ्या आहेत. वर पाण्याची टाकी आहे, डिशची छत्री आहे, उन्हाळ्यात आईच्या बड्या, म्हणजे सांडगे, आणि मिरच्या वाळत असतात. म्हणजे आठवड्यातून चार-पाच वेळा तरी कोणीतरी वर जातं, आणि जातं ते शिडीनं.

शिडी लोखंडी. बाबा शहराबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्न कारखान्यात मेंटेनन्सला आहेत. तिथल्या ओळखीच्या वेल्डरनं जुन्या पाइपांची ती बनवून दिली होती. उचलायला दोन माणसं लागतात. लोखंडी आणि जड, म्हणून आम्हाला ती पक्की वाटायची. पायऱ्या पक्क्या होत्याही. पण शिडी पायऱ्यांवर उभी राहत नाही, पायांवर उभी राहते, आणि पायांकडं आम्ही कधी बघत नव्हतो. पायांना बाबांनी ट्रकच्या टायरचे तुकडे कापून बोल्टनं बसवले होते. आम्ही त्यांना शिडीच्या चपला म्हणायचो. होळीच्या सुमारास त्यातली एक चप्पल निघाली. मला ती अंगणात सापडली. समोरचं दार वाऱ्यानं फार आपटायचं, म्हणून मी ती दाराखाली सरकवली. छान बसली. मे महिन्यापर्यंत ती तिथंच होती, आणि घरातली तिन्ही माणसं तिला रोज ओलांडून जात-येत होती.

मी पत्रकांवर वाढले. आमच्या घरात पुस्तकं थोडी आणि पत्रकं पोत्यानं. नागपूरचे नातेवाईक यायचे तेव्हा पिशवीत मराठी पत्रकं असायची, पिवळ्या, गुलाबी, निळसर कागदांवरची. बाबांच्या युनियनची हिंदी. शाळेत जायच्या आधीपासून मी त्यांच्या घड्या घालायचे आणि घड्या घालता घालता वाचायला शिकले. ‘निषेध’ हा शब्द मला ‘निबंध’च्या आधी माहीत होता. वाचायला मराठी आलं ते असं. बोलणं मात्र गल्लीतलं, शाळेतलं, बाजारातलं, म्हणजे हिंदी आणि मधे मधे छत्तीसगढी. आईबाबा वऱ्हाडीत विचारतात, मी हिंदीत उत्तर देते. इकडच्या पुष्कळ मराठी घरांत हे असंच चालतं. कोणी कोणाला अडवत नाही आणि सगळ्यांना सगळं कळतं. निदान आम्ही तसं समजत होतो.

त्या उन्हाळ्यात बाबांच्या कारखान्यात एक माणूस शिडीवरून पडला होता. कन्व्हेयरच्या वरचा बल्ब बदलत होता. त्याच्या खुब्याचं हाड मोडलं. साहेबांच्या कागदावर कारण लिहिलं गेलं, कामगाराचा निष्काळजीपणा. बाबा तो कागद बघून आले त्या संध्याकाळी जेवले नाहीत. त्यांचं आणि त्यांच्या सोबत्यांचं म्हणणं साधं होतं: शिडी लागली की खाली एक माणूस पाहिजे. दोन्ही हातांनी धरून. त्याला दुसरं काम सांगायचं नाही, आणि वरचा जमिनीवर उतरेपर्यंत त्यानं हलायचं नाही. पडलेल्या माणसाच्या शिडीखाली एक हेल्पर होता, त्याला मधेच कोणीतरी ट्रॉली ढकलायला बोलावून नेलं होतं. निष्काळजीपणा कोणाचा?

या मागणीचं पत्रक लिहायचं काम माझ्याकडं आलं. मी जीव ओतून लिहिलं. ‘नीचे का आदमी’ असा मथळा दिला. छापखान्यानं त्या रविवारी दुपारी प्रूफ मोबाइलवर पाठवलं.

आता तुम्हाला कळलं असेल मी ओसरीवर काय वाचायला गेले होते.

रविवारी चारच्या सुमाराला टाकी भरून वाहायला लागली. आतला कॉक अडकला होता. पाणी स्लॅबवरून भिंतीवर, भिंतीवरून अंगणात. अंगणात आम्ही दिवाळीच्या आधी गुळगुळीत फरशी बसवून घेतली होती. आधी खरखरीत सिमेंट होतं, ते आईला धुवायला जड जायचं. ओली असली की तिच्यावर नुसतं चालतानाही माणसं घसरायची, एवढी ती गुळगुळीत.

बाबांनी पाना घेतला आणि पायातल्या स्लिपरसकट चढायला निघाले. मी शिडी धरली. तेवढं मी केलं. बाबा वर पोचले आणि म्हणाले, “झालं, सोड आता. मले टाइम लागन.”

कारखान्यात ते कोणाला ‘सोड’ म्हणाले नसते. मीही तिथं असते तर सोडली नसती. पण हे घर होतं.

एक गोष्ट अजून सांगायची राहिली. शिडीच्या शेजारीच आमचं फाटक. त्याचं एक पान आत उघडून भिंतीला टेकवलेलं होतं, कारण मी स्कूटी आत घेतली होती आणि फाटक लावलं नव्हतं. फाटक माझ्या खांद्याएवढं आहे. चोर चढू नये म्हणून त्याच्यावर भाल्यासारखी टोकं आहेत. इकडं सगळ्यांच्याच फाटकांना असतात.

थोड्या वेळानं बाबांनी वरून आवाज दिला, “बाजूले व्हा, पाइप फेकून राहिलो!” आई स्वयंपाकघरातून म्हणाली, कोणी नाही अंगणात, फेका. जुन्या पाइपचा तुकडा खणखणत खाली पडला. मी ओसरीवरून एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा प्रूफात घातली. तिसऱ्या परिच्छेदात एक मात्रा सुटली होती.

पाचेक मिनिटांनी पुन्हा आवाज आला, “खाली हाय का वं?”

मला वाटलं, अजून काहीतरी फेकायचंय. अंगण खाली आहे का, म्हणजे रिकामं आहे का, असं विचारतायत. मी बघितलंसुद्धा. अंगण रिकामं होतं. मी ओरडून सांगितलं, “हव, खाली है!”

मराठीत खाली म्हणजे शिडीच्या बुडाशी. हिंदीत खाली म्हणजे तिथं कोणी नाही. बाबांनी पहिलं विचारलं, मी दुसरं सांगितलं, आणि उत्तर बरोबर आहे असं दोघांनाही वाटलं.

बाबांनी पाठ अंगणाकडं केली आणि एक पाय शिडीवर टाकला. आमची शिडी स्लॅबच्या कडेशी संपते. वर हातभर यायला पाहिजे, म्हणजे उतरताना धरायला काहीतरी मिळतं. आमच्या शिडीला ते नव्हतं. त्यामुळं पायानं चाचपत पहिली पायरी शोधावी लागते आणि सगळा भार एकदम तिच्यावर येतो. त्यांच्या एका हातात पाना होता.

लोखंड फरशीवर घसरल्याचा आवाज मी अजून विसरले नाही. लांब, चिरकणारा. मग पाना पडल्याचा. मग आईचा.

मी धावले तेव्हा शिडी आडवी झाली होती. तिचा पाय स्कूटीच्या चाकाखाली घुसला होता आणि वरचं टोक फाटकाच्या भाल्यांमध्ये अडकलं होतं. बाबा वर लटकत होते. काखेपर्यंतचं शरीर स्लॅबवर, बाकीचं हवेत. दोन्ही हातांनी एक सळई धरलेली. आणि त्यांच्या पायांच्या बरोबर खाली, तीनेक फुटांवर, फाटकाची टोकं.

मी ते बघितलं. बाबांना दिसत नव्हतं, पण त्यांना ठाऊक होतं. फाटक त्यांनीच बसवलं होतं.

“फाटक सरकव,” ते म्हणाले. आवाज शांत होता. त्या शांतपणाची मला जास्त भीती वाटली.

मी फाटक ढकललं. हललं नाही. शिडीनं ते जखडून टाकलं होतं. मी शिडी उचलायला गेले. टोक इंचभर वर आलं आणि परत बसलं. त्या धक्क्यानं फाटक हाललं, बाबांना वाटलं मोकळं झालं, ते थोडे खाली सरकले.

“नहीं, नहीं! रुको! अटका है!”

“थांबलो,” बाबा म्हणाले. “पन लय वेळ नाई थांबू शकत.”

त्यांनी वर चढायचा प्रयत्न केला. कोपर टेकलं, अंग अर्धी वीत वर गेलं. स्लॅबची कड पाण्यानं बुळबुळीत झाली होती. कोपर घसरलं आणि ते होते त्याहून खाली आले. आता काखा कडेच्या बाहेर होत्या आणि फक्त हात सळईवर. एका तळव्यातून रक्त मनगटावर येत होतं. एक स्लिपर सुटली आणि भाल्याच्या टोकावर आपटून अंगणात पडली. आम्ही तिघांनीही तो आवाज ऐकला.

आई तोवर माझ्या शेजारी आली होती. ती ओरडत नव्हती. तिनं स्कूटीकडं पाहिलं.

“हे गाडी पैले काढ. पाय तिच्यात फसला हाय.”

मी शिडीच्या टोकाशी झटत होते आणि अडलेलं होतं बुडाशी. मी स्कूटी धरून मागं ओढली. आईनं शिडीचा पाय दोन्ही हातांनी मोकळा केला. मग दोघींनी मिळून टोक उचललं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा आई म्हणाली, “सरळ वर, तिरपं नको,” आणि ते सुटलं. मी लाथेनं फाटक लोटलं. ते रस्त्याकडं फिरलं आणि बाबांच्या खाली नुसती ओली फरशी राहिली.

“उडी मारू का?” बाबांनी विचारलं.

“चूप रहा,” आई म्हणाली. “या वयात टाचा फुटतीन.”

शिडी पुन्हा उभी करायची होती. पण तीच शिडी, तीच फरशी, आणि एका पायाला चप्पल नाही. आईनं ओसरीवरून तांदळाचं रिकामं बारदान ओढून आणलं, नळाखाली धरून ओलं केलं आणि फरशीवर अंथरलं. त्याच्यावर आम्ही शिडी उभी केली. मी तिचे पाय भिंतीपासून लांब ओढले. बाबा पत्रकासाठी मला शिकवताना म्हणाले होते, चार हात उंचीला एक हात पाया सोडायचा. लिहिताना मला ते फार सोपं वाटलं होतं. आता एक हात म्हणजे किती हेच मला कळेना. आई सगळ्यात खालच्या पायरीवर उभी राहिली. आपला सगळा भार तिनं त्या पायरीवर दिला.

“बाबा, पैर रखो.”

त्यांनी पाय ठेवला नाही. पाय शिडीपासून वीतभर होता.

“बाबा, रखो ना!”

“नाई.” धाप लागली होती त्यांना. “पैले सांग. तुहे हात कुठी हायेत?”

हा प्रश्न मला कोणीही, कधीही विचारलेला सगळ्यात कठीण प्रश्न आहे. मघाशी मी ‘हव’, म्हणजे हो, म्हणाले होते. आता माझ्या ‘हव’ला त्या माणसाच्या लेखी काही किंमत नव्हती, आणि तो बरोबर होता.

“दोन्ही हात शिडीवर आहेत,” मी मराठीत म्हणाले. “डावा डाव्या पाइपवर, उजवा उजव्या. आई खालच्या पायरीवर उभी आहे.”

मग त्यांनी पाय ठेवला. मग दुसरा. मग एक हात सळईवरून सोडून शिडीवर आणला. अर्ध्यावर आल्यावर ते थांबले आणि कपाळ पायरीला टेकून उभे राहिले. कोणी घाई करा म्हणालं नाही. आईनं शेवटच्या क्षणापर्यंत पाय काढला नाही, शेवटी बाबाच म्हणाले, “आता हट बाई, मी कुठी ठेवू पाय?”

ते फरशीवर बसले. तळहाताला अंगठ्यापासून करंगळीपर्यंत चीर पडली होती. आईनं पदरानं तो घट्ट बांधला. मग भांडण सुरू झालं. भीती उतरल्यावर आमच्याकडं तेच होतं.

“तू खाली हाय म्हनाली ना?”

“मैंने बोला खाली है!”

“तेच तर! खाली हाय म्हनाली आन तू तिकडं मोबाइल पाहून राहिली!”

“अरे, खाली है मतलब कोई नहीं है!”

“मंग काहून म्हनाली खाली हाय?”

असं दोन-तीनदा झालं. आई मधे बसून एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत होती. मग तिलाच आधी कळलं. ती डोक्याला हात लावून म्हणाली, “तुमच्या दोघाइच्या खालीनं आज माहा माणूस गेला असता न!”

मला हसू आलं, आणि हसत हसतच मी त्यांना दवाखान्यात न्यायला स्कूटी बाहेर काढली.

दवाखान्यात सात टाके पडले. डॉक्टरांनी कसं झालं विचारलं, बाबा म्हणाले, पत्रा लागला. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलं होतं. खोटं का बोललात, मी विचारलं. बाबा ओसरीवर बसले होते. माझा मोबाइल तिथंच पडलेला, प्रूफ उघडं.

“हे पत्रक वाटणाऱ्याच्या घरी शिडी खाली घसरली, असं साहेबाच्या कानावर गेलं तर?” ते म्हणाले. “उद्या बोर्डावर लागन. युनियनवाले सोताच निष्काळजी.”

आईनं तिथल्या तिथं ऐकवलं. “तिकडं मालकाले शिकवता आन इकडं स्लिपर घालून चढता. बोर्डावर लागाले काय वाईट हाय?”

आठ दिवस आमच्या घरात हा वाद चालला. मी माझं म्हणणं सोडलं नाही आणि आजही सोडत नाही. माझे बाबा अर्ध्या आयुष्याइतकी वर्षं शिडीवर चढतायत. त्यांच्याहून सावध माणूस मी पाहिला नाही. खाली मी होते, त्यांची मुलगी, आणि मला त्यांचा जीव माझ्या जिवाइतका प्रिय आहे. एवढी सावधगिरी आणि एवढी माया असूनही ते भाल्यांवर पडता पडता राहिले, कारण शिडीच्या बुडाशी माणूस नव्हता. मग कारखान्यात, जिथं धरणारा हेल्पर परका, थकलेला, आणि कोणाच्याही हाकेनं दुसरीकडं पळवला जाणारा, तिथं नुसत्या ‘काळजी घ्या’च्या पाटीनं काय होणार? आमच्या अंगणात जे झालं त्यानं मागणी खोटी पडत नाही, उलट पक्की होते. पण ती मागणी घराच्या फाटकाशी थांबवायची आणि घरात ‘झालं, सोड आता’ म्हणायचं, हा आमचा खोटेपणा होता. त्यात मी पहिली. चपलेचा तुकडा दाराखाली मी सरकवला होता.

नवव्या दिवशी बाबा शिफ्टवरून आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, “मी सांगितलं तिकडं. सगळं. खालीचं बी.”

“मग? हसले?”

“हसले ना. लय हसले.” ते पाणी प्यायले. “मंग एक उडिया भाऊ म्हनला, आमचं बी असंच होते. वरचा काय म्हनते ते मले अर्धं समजते, मी हव म्हनून देतो. मंग बिहारवाला म्हनला, मी बी. मंग कोनी हसलं नाई.”

पत्रक छापायला जायच्या आधी त्यात एक ओळ वाढली. ती बाबांनी सांगितली, मी लिहिली: वरच्यानं विचारलं तर खालच्यानं हो म्हणायचं नाही, हात कुठं आहेत ते सांगायचं. मग मी त्यांना विचारलं, मराठीतही एकदा सगळं लिहू का, आपल्या माणसांसाठी. त्यांनी पट्टी बांधलेल्या हाताकडं पाहिलं.

“लिही. पन माहं नाव टाकू नको.”

म्हणून हे असं, बिननावाचं.

आमच्या शिडीला आता दोन्ही चपला आहेत. वर वेल्डरनं हातभर उंचीचे दोन दांडे जोडून दिलेत, आणि चढलेला माणूस आधी शिडी साखळीनं सळईला बांधतो. पाना पिशवीत घालून दोरीनं वर ओढतो. स्कूटी बाहेर, फाटक बंद. मला शिडी धरायचा कंटाळा येतो, हे खरं आहे. उन्हात वीस मिनिटं नुसतं उभं राहणं कोणालाही नको वाटतं. मी उभी राहते.

तुमच्याकडं मागणं एकच आहे, आणि ते आजच करा. घरात किंवा कामावर जो वर चढतो त्याच्यासमोर बसा आणि एक शब्द ठरवा, जो दोघांच्याही भाषेत एकाच अर्थाचा असेल. आमच्याकडं ‘धरली’ आहे. दोन्ही हात शिडीवर असतील तेव्हाच तो शब्द तोंडातून काढायचा, एरवी गप्प राहायचं. आणि वर असलेल्या माणसाला बजावून ठेवा, तो शब्द ऐकू येईपर्यंत स्लॅबवरच थांबायचं, वर कितीही ऊन असलं तरी.